आवतन

खुशालरावानं कासरा असा ओढला, असा ओढला बाप्पा, की फेटा सुटून गळ्यात आला. बैल जागचे हालेनात! समोर पोळ्याचं तोरण, वाजंत्री थांबलेली, अन् सारा गाव पाहून राह्यला.

बरं, तोरण तरी कायले बांधलं? विजेच्या खांबाले! तिथं दोन कडुनिंब होते, आज्या-पंज्याच्या वक्ताचे. वीजघराची तार येनार म्हनून यानंच पुढं होऊन तोडून देले. एकसष्टात बार्शीटाकळीच्या त्या अंगाले विहिरीवर पयली मोटर बसली ते याचीच. मोट बंद, मोट हाकनारा नत्थुजी घरी. अन् बैल?

"तूच घेऊन जाय रे नत्थ्या. फुकट चारा खातेत. माहा बैल आता तारेतून येते."

पन पोळ्याचा पयला मान, तोरण तोडाचा, खुशालरावाचा. बिनबैलाचा मानकरी! मंग काय, सकाळीच गेला नत्थुजीच्या दारी, तेच बैल मांगाले. नत्थुजीनं कासरा हातात देला.

अन् आता बैल अडले. खुशालरावानं चाबूक उगारला.

"मालक," मांगून नत्थुजी बोलला, "आज पोळा हाये."

चाबूक वरच राह्यला. नत्थुजीनं जिभेनं टचकारा देला, मोटेवर देत होता तसाच. बैल चालले! तोरण तुटलं. मानकरी कासऱ्याले लटकून मांगं मांगं. लोकं धोतराचा सोगा तोंडात कोंबून हासून राह्यले, अन् हा गडी छाती काढून म्हने, "पाह्यलं? मान कोनाचा?"

घरी दारात मैनाबाई उभी, याची बायको. पाय धुवाले पान्याचा तांब्या, पुरनपोळीचं ताट. बैलानं दाराकडं पाह्यलंबी नाही. कासरा हिसडून सरळ गेले नत्थुजीच्या गल्लीत.

"आवो," मैनाबाईनं इचारलं, "काल खांदे मळले व्हते ना? हळद-तूप लावून म्हटलं व्हतं ना, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या?"

"जनावराले का समजते!"

"नत्थुजीनं म्हटलं असंन."

"म्हटलं असंन. त्याले दुसरा धंदा का हाये आता?"

मैनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, ताट उचललं अन् पायरी उतरली. चार पावलं गेली, थांबली, वापस आली.

खुशालरावाले वाटलं, आली.

तिनं तांब्या घेतला अन् गेली.