रुमालाखालचे हरभरे

डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि फरशीवर गरागरा फिरत, आता थांबेल मग थांबेल करत, एकदाचं आडवं पडलं. दुपारच्या सामसुमीत ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं असावं. जेवणाच्या सुट्टीत घरी आलेली सगुणा पेन्सिल हातात धरून जागच्या जागी थिजली. गोधडीवरची चार वर्षांची तानी डोळे गच्च मिटून म्हणाली, "मी झोपलेय."

"हाव, दिसायलंय मला."

"तू काय लिवायलीस?"

"झोपलेली माणसं इचारत नसतात."

तानी खुदकन हसली आणि खरंच झोपली. तिच्या पापणीवर आलेली बट सगुणानं फुंकरीनंच बाजूला केली, हात लावला नाही. जाग आली असती.

दारात तूर निवडत बसलेल्या सासूबाईंनी, धुरपताबाईंनी, सूप थांबवलं. "सगुणे, पाडव्याला मी गावाकडं, राणीसावरगावला निघाले. तिकडं हरभरा पडून हाय. तुजं काम संपलं असंल तर पोरगी तुज्यापाशी. न्हाईतर माज्यासंगं."

सासूबाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. मुंजाजी, म्हणजे सगुणाचा नवरा, चारठाण्याच्या शाळेत मास्तर. तो रविवारी यायचा आणि सोमवारी पहाटे सुटायचा. दिवसभर पोरीला सांभाळणार कोण? काम पुरं झालं की अर्धा दिवस येत जा, असा शब्द साहेबांनी दिला होता. तेवढ्यावर सगुणा तग धरून होती.

हे साहेब म्हणजे बन्सीधर. परभणीच्या धान्याच्या मोंढ्याजवळ, फवारणीच्या औषधांच्या दुकानावर त्यांचं कॉम्प्युटर केंद्र. सगुणा तिथं प्रोग्रॅम लिहायची; वेळ मिळेल तसे घरीही, पेन्सिलीनं. काम होतं धोंडप्पा शेटच्या आडतीचं: शेतकऱ्याचा माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, मशीनमधून छापून निघाली पाहिजे. बन्सीधरांच्या अमेरिकेतल्या मावसभावानं एका लग्नाच्या पंगतीत त्यांना 'स्क्रम' नावाची नवी पद्धत सांगितली. जिलेबी वाढायला आली तेव्हा मावसभाऊ निम्म्यावर थांबला. उरलेली निम्मी पद्धत बन्सीधरांनी स्वतः तयार केली.

"हा एक खेळ असतो," त्यांनी समजावलं, "सगळे खांद्याला खांदा लावून रेटतात."

"अन् चेंडू?" माणिकरावांनी विचारलं. ते बाजार समितीतले रिटायर कारकून, हिशोब समजावून द्यायला ठेवलेले.

"चेंडू मधे असतो."

"आपल्यात कुठं हाय?"

ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी उभ्यानं बैठक. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. माणिकरावांचा गुडघा धरायचा, म्हणून ते कपाटाला टेकून उभे राहत. अंगठे धरायचे तेवढे बाकी होते. अडचण कुणीच सांगत नसे. साहेबांपुढं अडचण सांगणं म्हणजे साहेबांनाच अडचण म्हणणं. सगळे म्हणत, "होऊन जाईल, साहेब." मग साहेब खूश होऊन एखादी नवी गोष्ट वाढवत. "व्याजबी मशीनलाच काढू दे की."

भिंतीवर तीन रकाने आखले होते: करायचं, चाललंय, झालं. चिठ्ठ्या खळीनं चिकटवलेल्या. खळ झुरळांना आवडली. रात्रीतून झुरळं खळ खाऊन टाकत आणि सकाळी वीज आली की पंख्याच्या वाऱ्यानं 'करायचं'मधल्या चिठ्ठ्या भुर्रकन उडून 'झालं'मध्ये जात. आख्ख्या जिल्ह्यात विजेवर इतकं भराभर होणारं काम दुसरं नव्हतं. सगुणाच्या शेजारी बसणारा भुजंग त्या चिठ्ठ्या गुपचूप जागेवर नेऊन लावायचा. संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा यानंच जिन्यावरच्या झाडून सगळ्यांना पेढे वाटले होते. "ताई," तो म्हणायचा, "सतरा वर्षं लागली, पर तिथं निदान खरोखर 'झालं'."

पद्धतीतली एक गोष्ट मात्र बन्सीधर नेमानं पाळत. दर पंधरवड्याला गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि झालेला तुकडा दाखवायचा. पाडवा तीन आठवड्यांवर आला तेव्हा धोंडप्पा शेट धापा टाकत जिना चढून आले, खुर्चीत बसले, आणि वीज गेली.

"बरं झालं," शेट काळ्या पडद्याकडं बघत म्हणाले. "मागल्या बारीलाबी असंच दिसायलं होतं. आता सांगा, पुरं कवा होईल?"

"पाडव्याला, शेटजी!" बन्सीधर म्हणाले.

"हाव, पाडव्याला," माणिकराव म्हणाले. भुजंगनं मान हलवली. सगुणाचीही मान हलायला लागली होती.

शेटनी चौघांची तोंडं निरखली. तरणेपणी त्यांनी बैलांचे बाजार केले होते. दात मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "तोंडानं बोलू नका. बाजारात भाव करतात तसं रुमालाखाली हात द्या. जितके आठवडे, तितकी बोटं दाबा; पाचाच्या वर असंल तर फिरून दाबा. समद्यांचं होईस्तवर कुणाचं कुणाला कळायचं न्हाई."

बन्सीधरांनी हात घातला, मग माणिकरावांनी, मग भुजंगनं. शेटच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगुणाची पाळी आली तसा त्यांनी हात मागं घेतला, खिशातून नमुन्याचे हरभरे काढून तिच्या ओंजळीत घातले आणि रुमाल टेबलावर पसरला. "लेकी, तू दाणे ठेव."

रुमालाखाली सगुणाचा हात एकटाच होता. तीन दाणे ठेवले की तानी घरी. कोण विचारणार होतं? तिनं तीन ठेवले. मग तिला पाडव्याचा दिवस दिसला: मोंढ्यात बैलगाड्या लागलेल्या, आणि रानातून आलेला कुणी म्हातारा, मशीननं छापलेली चुकीची पट्टी हातात घेऊन, तीच खरी समजून घरी निघालेला. तिनं चौथा ठेवला. मग पाचवा. ती ठेवत गेली.

शेटनी रुमाल उचलला. "आठ. भुजंगराव सहा म्हणायलेत, माणिकराव पाच. अन् साहेब एक, तेबी करंगळी! एका छपराखाली चार पंचांगं!"

बन्सीधर बंद पंख्याकडं बघू लागले.

"आठ कामून गं?" शेटनी विचारलं.

"काका, रोज सकाळी एक नवं काम वाढतं." सगुणानं भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडं बोट केलं. "जुनं पुरं व्हायच्या आधी."

माणिकरावांनी कपाट सोडलं आणि ते दोन्ही पायांवर उभे राहिले. "खरं हाय."

शेट हसले. "मंग पाडव्याला नुसती वजनाची पट्टी निघू द्या. नाव, पोती, वजन. तेवढं बिनचूक. त्याच्याफुडं दुसरा तुकडा, मंग तिसरा. साहेब, तवर तुमी नवं काई सुचवू नका. सुचलंच, तर खाली जाऊन चहा घ्या."

त्या संध्याकाळी सगुणा हलक्या पायानं घरी आली. सासूबाईंना तिनं सगळं रंगवून सांगितलं. करंगळीला त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्हंजे पाडव्याला एक तुकडा. अन् मंग?"

"मंग दुसरा."

"अन् मंग?"

तुकड्यातुकड्यानं होणारं काम 'पुरं' कधी म्हणायचं, आणि अर्धा दिवस कधी मिळायचा, हे रुमालाखाली दाणे मोजताना सगुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सैपाकावानीच की मग, कदी न सरणारं," धुरपताबाई म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. "न्हेते मी पोरीला. तुजा तुकडा झाला की हिला आणून दावीन. तुमच्यात दावायची रीतच हाय न्हवं?"

हे सगळं ऐकत बसलेली तानी उठली. तिनं दोरीवरचा टॉवेल ओढून आणला, आईसमोर मांडी घातली, टॉवेल दोघींच्या हातांवर पसरला आणि आईची बोटं आतून घट्ट धरली.

"तोंडानं न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "दाब. मी आजीकडं किती दिवस?"