आतली कडी

"आकाश आता साध्या माणसाच्या मालकीचं होणार!" व्हर्लिन ब्रेकीने भर गोठ्यात जाहीर केलं आणि आपल्या विमानाचं दार आतून ओढून घेतलं. ते पुन्हा उघडेना.

उघडणार कसं? आतून कडीच नव्हती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या या गोठ्यातून गायी गेल्या आणि तिथे व्हर्लिन अकरा वर्षं स्वतःच्या आराखड्याचं चार माणसांचं विमान बांधत बसला. वजन काही उतरेना. कपभर कॉफीइतकं कमी झालं तरी तो बायकोला हाक मारून सांगायचा. त्याच उत्साहात आतली कडीही गेली होती.

बायको, आर्डिस, शेजारच्याच खुर्चीत होती. "एकदा आत बसून बघते, मग सांगते तुझ्याबरोबर उडायचं की नाही," एवढंच ती बोलली होती. चार वाजता उड्डाणाची परवानगी द्यायला सरकारी तपासनीस यायचा होता. पण व्हर्लिन वाट बघत होता ती आर्डिसच्या निकालाची.

"दार उघड, व्हर्लिन."

"उघडतो गं. खुर्ची कशी वाटते?"

"छान. दार उघड."

"कडी बाहेर आहे."

"आणि आपण?"

"आत."

पत्रा तापू लागला. तेवढ्यात शेजारचा गेन डोकावला. दोघांनी काचेवर हात बडवले, ओरडले. पण आर्डिसला आवाजाचा त्रास नको म्हणून व्हर्लिनने वजनाची पर्वा न करता चारी बाजूंनी जाड फोम लावला होता. गेनला वाटलं, ही मंडळी उडायला निघाली, निरोप घेताहेत. त्याने टोपी काढली, भरल्या डोळ्यांनी हात हलवला आणि निघून गेला.

"यंदा नाताळला याला बोलवायचं नाही," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिनने समोरच्या काचेवर बूट टेकवला. ती काच बसवण्यात दोन हिवाळे गेले होते. "फोडू?"

"गप बस. येईल तो तपासनीस."

तपासनीस आला. बाहेरून एका बोटाने त्याने दार उघडलं, आतल्या बाजूला कडी शोधली, दोघांच्या घामेजल्या तोंडांकडे पाहिलं. "वजन कमी केलं का?" त्याने विचारलं. व्हर्लिनने मान डोलावली. तपासनिसाने कागदावर फुली मारली, "आता पुन्हा वसंतात येईन," म्हणाला आणि गेला.

व्हर्लिन खुर्चीतच बसून राहिला. "संपलं, आर्डिस. उद्याच मोडून टाकतो. आकाश-बिकाश काही नको. यात पुन्हा बस असं तुला जन्मात म्हणणार नाही."

"कड्या दोन लाव," आर्डिस म्हणाली. "एक माझा हात पोचेल अशी. आणि आता तुझे गुडघे घे बाजूला, मला उतरू दे."