शहात्तर टिकला

उताणा पडलेला एक धिप्पाड माणूस. हेल्मेटच्या जाळीत गवत अडकलेलं.

खाणीच्या फाटकावरचा काळा फळा. त्यावर खडूनं लिहिलेली नावं. ज्याचं नाव नाही, त्यानं डबा घेऊन परत जायचं.

"माऊस हलवत राहा, बाबा. थांबला का सारं बंद पडते."

भाताच्या ताटावर उपडं घातलेलं दुसरं ताट.

टोलेडो. अमेरिकेतलं एक शहर. या घरातल्या कोणी पाहिलेलं नाही, पाहायची शक्यताही नाही.

एक हिरवी पट्टी. काल ती जरा लांब होती.

*

पट्टी आखडली आहे हे दीपिकाच्या ध्यानात आलं, तेव्हा ती जेवून, ओले हात ओढणीला पुसत बाहेरच्या खोलीत आली होती. तिचे वडील, महागू रामटेके, खाटेवर मांडी घालून लॅपटॉपसमोर बसले होते. उजवा हात माऊसवर होता. पाखरू धरावं तसा त्यांनी तो धरला होता.

"बाबा, तुमी काही दाबलं काय?"

"म्या? म्या काहून दाबन? तू म्हनली हलवत राहा, मी हलवून राह्यलो."

"मंग पट्टी कशी आखडली?"

"तुह्या त्या मशीनले इचार."

आतून आईचा, गोदाबाईंचा आवाज आला. "जेवाले या म्हनाव त्याईले. का टोलेडोवरून डबा येनार हाये?"

*

काम असं होतं. कुठल्यातरी कंपनीला अमेरिकन फुटबॉल संगणकाला शिकवायचा होता. बालाघाटात काली पुतली चौकाजवळ, एका धान्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं सेंटर निघालं होतं. तिथून मुलामुलींना घरी काम मिळायचं. काही सेकंदांचा व्हिडिओ यायचा, बहुतेक टोलेडोच्या संघाचा. प्रत्येक खेळाडूभोवती चौकट ओढायची. मग बॉलवाल्याच्या पुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच जण, त्यांतला एकेक पाहायचा आणि खाली दोन बटणं: टिकला, हटला. तोच व्हिडिओ आणखी दोघांकडे जायचा, ते दोघे कोण आणि कुठले हे कळायचं नाही. तुमचं उत्तर त्यांच्याशी जुळलं तर हिरवी पट्टी लांबायची. नाही जुळलं तर आखडायची. पट्टी फार आखडली की काम बंद.

माऊस काही वेळ हलला नाही की मशीन बाहेर काढायचं आणि केलेल्या व्हिडिओंचा अर्धा गठ्ठा पुसून जायचा. म्हणून दीपिका जेवायला गेली की माऊस बाबांच्या हाती. वॉर्डातल्या बाकीच्या पोरींच्या घरीही हेच. कुठं आजी माऊस हलवायची, कुठं पाळण्याची दोरी एका हातात आणि माऊस दुसऱ्या हातात. सेंटरच्या नियमात हे बसत नव्हतं. सेंटरवाल्यांच्या घरी जेवण कसं होत असेल, कोण जाणे.

महागू नुसता हलवत नव्हता. तो पाहत होता.

*

महागूचं मत, बॉलवाल्याबद्दल:

"हा मालक हाये. याच्या अंगावर धूळ बी नाई पडाले पायजे, असा सारा खेळ हाये. यंदाचा मालक नवा हाये, लय मान फिरवते. मले नाई पटला."

महागूचं मत, पाच जणांबद्दल:

"यायले बॉल कधीच भेटत नाई, वं. जनमभर नाई. बस, मांगच्याले दाबू द्याचं नाई."

महागूचं मत, यंदाच्या टोलेडोबद्दल:

"जितते. लिहून ठेव."

"बाबा, हे सरावाचे सामने हायेत. सीझन सुरू व्हायच्या पहिले खेळतात. हे जितून काही भेटत नाई. बडे खेळाडू तर बसूनच राहतात."

"मंग खेळते कोन?"

"नवे पोरं. नव्वद जन बलावतात. सीझन लागायच्या पहिले निम्मे-अर्धे काढून टाकतात."

त्यानंतर महागूची मतं बदलली. बॉलवाल्याबद्दल तो बोलेनासा झाला. पाच जणांतला डावीकडून पहिला, शहात्तर नंबरचा, तेवढाच तो पाहू लागला.

*

महागूचं मत, शहात्तरबद्दल, सकाळी:

"पाय पाह्य त्याचे. जमिनीले चिकटून राह्यतात."

दुपारी, शहात्तर पाठीवर पडल्यावर:

"घसरला. गवत ओलं दिसते."

संध्याकाळी, शहात्तर पुन्हा पडल्यावर आणि बॉलवाल्याच्या अंगावर तिघं चढल्यावर:

"बाजूचा हात द्यायले नाई आला. याची का चूक?"

"बाबा, तो हलतच नाई जाग्यावरून. ठोंब्या हाये."

"तुह्यासारखी बसून पाहनारी भेटली म्हनून ठोंब्या. आंगावर आलं असतं तुह्या, मंग पाह्यलं असतं."

*

महागू मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली टेकू लावायचा. खोदत पुढे गेलं की डोक्यावर मोकळं छत राहतं. त्याला सालाच्या झाडाचे ओंडके उभे करून, वर फळी आणि पाचर ठोकून धरायचं. तो कायम कामावर नव्हता, ठेकेदाराकडे होता. ठेक्याची माणसं फाटकावरच्या फळ्यावर रोज आपलं नाव शोधत.

एके दिवशी छताचा एक तुकडा खाली आला आणि एका माणसाचा पाय मोडला. जीव वाचला. ठेकेदाराला वर एक नाव कळवायचं होतं. टेकू कोणी लावला होता? त्या पाळीत टेकू तिघांनी लावले होते. दगडाच्या ढिगाऱ्यात कोणता ओंडका कोणाचा हे ओंडक्यावर लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर महागूचं नाव नव्हतं. नंतरही आलं नाही.

चूक त्याची होती की नाही, हे त्याला आजही माहीत नाही. घरी तो हे कधी बोलला नाही. गोदाबाईंनी एकदाच विचारलं होतं, "तुमचा टेकू सुटला का जी?" त्यावर तो म्हणाला होता, "असन." मग जरा थांबून, "नसन बी."

*

दीपिका जेवायला बसली की तो आदले व्हिडिओ उघडायचा. पाठवायच्या आधी उत्तर बदलता यायचं, हे तो शेजारी बसूनच शिकला होता. बाकीच्या चौघांना तो हात लावायचा नाही. फक्त शहात्तर. हटला होता तिथं टिकला.

आत दीपिका आईला सांगत असायची, "बाबायचं मन लागते आई त्याच्यात. नाईतर दिवसभर भिंतीकडे पाहून राह्यतात." आणि गोदाबाई तिच्या ताटात आणखी भात वाढायच्या.

*

चंद्रशेखर बिसेनचा फोन आला तेव्हा दीपिकानं तो स्पीकरवर ठेवला, कारण तिचे दोन्ही हात कामात होते. चंद्रशेखर सेंटरचा लीड होता, सगळ्यांचं काम तपासणारा. सफाईदार हिंदी बोलायचा आणि मध्येच मराठीत यायचा.

"दीपिका, तुम्हारा बाकी सब एकदम सही जा रहा है. सिर्फ एक प्लेयर पे गडबड है. शहात्तर. दोघं म्हणतात हटला, तुम्ही म्हणता टिकला. हर बार. तो उताणा पडला आहे, आणि तुम्ही लिहिता टिकला! क्या रिश्तेदार है तुम्हारा?"

दीपिकानं मान वळवून पाहिलं. महागू खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याच्या नखाकडे पाहत होता.

"घर में कोई और बैठता है क्या लॅपटॉपवर? सच बताना. दुसऱ्याचा हात लागला तर आयडीच बंद करावी लागते. माझ्या हातात नाही ते."

"नाई सर," दीपिका म्हणाली. "माझीच चूक हाये. मले तो तसाच दिसला."

"हर बार?"

"हौ सर. हर बार."

फोन ठेवल्यावर ती उठली, दार ओढून घेतलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलू लागली आणि दुसऱ्याच वाक्याला तिचा आवाज चढला.

"तुमाले का वाटलं, बाबा? तुमी बटन दाबल्यानं तो तिकडे उभा राह्यन? माहं काम जाते ना आता! तुमाले टोलेडो पायजे का मी पायजे?"

"वर जात असन ना हे सारं," महागू म्हणाला. "मालकाकडे. मंग तो पाह्यते, किती डाव हटला. आन फळ्यावरून नाव पुसते."

"कोनाकडे नाई जात! कोनाकडे जाते आमाले बी माहीत नाई!"

"तिघायनं लिवलं हटला, तर तो गेला. एकानं तरी लिवलं पायजे का टिकला म्हनून."

दीपिकानं तोंड उघडलं. काहीतरी जिभेवर आलं होतं. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली, तिथून बापाच्या हाताकडे. डाव्या हाताचं एक बोट खाणीत पाचर ठोकताना कधीतरी चेचलं होतं, ते वाकडंच बसलं होतं.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी महागूनं चौदा एप्रिलला घालायचा पांढरा सदरा काढला, दाढी केली आणि ऑटोत बसून काली पुतली चौकात उतरला. घरी सांगितलं, बँकेत जातो. जिन्यात धानाचा कोंडा पडला होता. वर मुलं कानाला हेडफोन लावून बसली होती, कोणी वळून पाहिलं नाही.

"जय भीम, सर. मी दीपिकाचा बाप."

"अरे काका, बैठिए ना. पाणी घ्या."

"पाणी नाई पायजे. मी सांगाले आलो का ते शहात्तरचं..."

चंद्रशेखरनं हात वर केला. वयानं तो दीपिकाहून थोडाच मोठा असेल. त्यानं उठून मधलं दार लावलं आणि खुर्ची महागूच्या अगदी जवळ ओढली.

"काका, पहले मेरी सुनो. मग बोला. तिनं चूक केली असेल, तर मी लिहितो, नजर कच्ची आहे, पुन्हा ट्रेनिंगला बसवा. ती शिकाऊमध्ये जाते. नाक घासावं लागतं, पण परत येते. दुसऱ्या कोणी हात लावला असेल आणि ते मी माझ्या कानानं ऐकलं असेल, तर आयडी बंद. मग काम आमच्याकडे नाही, कुठेच नाही. हे काम देणाऱ्या सगळ्या सेंटरांत तिचं नाव जातं. आता सांगा. तुम्ही काय सांगायला आलते?"

महागू सदऱ्याच्या खालच्या गुंडीशी खेळत राहिला.

रात्रभर त्यानं वाक्य जुळवलं होतं. त्या वाक्यात चूक त्याची होती, स्वच्छ, पहिल्यांदाच, कोणी ढिगाऱ्यातून शोधून काढलेली नव्हे. ऑटोत बसून तो ते मनात म्हणत आला होता आणि त्याला हलकं वाटत होतं.

"म्हणजे कोनाचं तरी नाव लागतेच," तो म्हणाला.

"लागतं, काका. रकाना रिकामा सोडता येत नाही."

"तिघायचं मिळून नाई लिवता येत?"

"कोण तिघं?"

"काही नाई."

खालून मालवाहू रिक्षेत पोती पडल्याचे आवाज येत होते. महागूनं घसा साफ केला.

"पोरीची चूक हाये," तो म्हणाला. "तिची नजर जरा कच्ची हाये. तशी हुशार हाये, सर. शिकवलं का शिकते."

"बस," चंद्रशेखर म्हणाला आणि टाइप करू लागला. महागू उठून उभा राहिला. नाव लिहून होईपर्यंत तो पडद्याकडे पाहत होता. मग चंद्रशेखरनं त्याला जिन्यापर्यंत सोडलं.

"काका, एक बात. तो शहात्तर इतका आवडला कशाला?"

"आवडला नाई," महागू म्हणाला. "एवढा काही बरा नव्हता तो."

*

शिकाऊंना तेच जुने व्हिडिओ पुन्हा देतात. उत्तरं आधीच ठरलेली असतात, तुमचं त्यांच्याशी जुळलं पाहिजे. दीपिका भिंतीला टेकून बसली होती. महागू दारात उभा होता. खाटेवर बसावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"उभे काहून राह्यले? बसा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तो बसला. जरा लांब.

व्हिडिओ सुरू झाला. बॉल मागे गेला. डावीकडून पहिला, शहात्तर, दोन पावलं मागे सरला, हात पुढे केले, आणि समोरचा त्याच्या काखेखालून निघून गेला. शहात्तर वळला, गुडघ्यावर आला, मग हातावर. बॉलवाला पडला.

दीपिकानं व्हिडिओ थांबवला.

"बाबा. हटला का टिकला?"

महागूनं पडद्याकडे नीट पाहिलं. घाई केली नाही. गुडघ्यावरचा तो माणूस पाहिला, त्याचे पाय पाहिले, गवत पाहिलं.

"हटला," तो म्हणाला.

दीपिकानं बटण दाबलं. हिरवी पट्टी जरा लांबली. दीपिका हळूच त्याच्या बाजूला सरकून बसली आणि पुढचा व्हिडिओ लावला.

"आन टोलेडो?" तिनं विचारलं. "यंदा का म्हनते?"

"जितते," महागू म्हणाला.

हे सामने दोन वर्षांपूर्वीचे होते. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख असायची. दीपिकानं ती पहिल्याच दिवशी वाचली होती.