घासाआधीचं नाव

लालासाहेब सरपंचांच्या पांढऱ्या कोंबड्या तालुक्याहून, सरकारी योजनेतून आलेल्या. त्यामुळे उकिरड्यावरच्या गावठी कोंबड्यांपेक्षा त्यांचा मान चार बोटं वर. साधी कोंबडी कुत्र्यानं धरली तर मालकीण दोन शिव्या हासडते, कोंबडी हिसकावून घेते आणि सांजेला रस्सा करते. सरपंचांचा कोंबडा धरला, तेव्हा पंचायत बसली.

धरणारा भिंगऱ्या. रंगूबाईनं सांभाळलेलं कुत्रं. हे नाव तिनं ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की जनावर घरचं होतं, आणि घरात सासू होती. नाव ठेवलं आळीनं, बघून बघून. कारण त्या कुत्र्याला सरळ चालणं ठाऊकच नव्हतं. आत यायचं तर उंबऱ्यावरून उडी, वळायचं तर स्वतःभोवती गिरकी. वाळत घातलेलं लुगडं तोंडात धरून त्यानं एकदा वेशीपर्यंत वरात काढली होती. सरपंचांच्या मोटारसायकलीशी त्याची रोजची शर्यत, आणि जिंकायचं तेच. सरपंचांना खड्डे चुकवावे लागत. दाव्यानं बांधलं तर दावं चावून खाई. दावं खाणाऱ्या जनावराला कशानं बांधावं, हे माण तालुक्यात अजून कुणी शोधलेलं नाही.

"तिसऱ्या बाजारापतुर कुत्रं शिवंबाहेर गेलं पायजे," सरपंच रंगूबाईला म्हणाले. "न्हाईतर केरबा हाय आन् त्याची भजी हायती."

केरबा पंचायतीचा शिपाई. गेल्या साली शिमग्याच्या आधी गावात पिसाळलेलं कुत्रं शिरून गेलं, तेव्हापासून बेवारशी कुत्री कमी करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. तो भज्यात औषध घाली. भजी मात्र मन लावून तळी. वासानं माणसंही थांबत आणि मग कशासाठी आहेत ते आठवून पुढं जात. त्याच्या पहिल्या फेरीत भिंगऱ्याची आई आणि भावंडं ताठ झाली. एक पिल्लू थोडकंच खाऊन रंगूबाईच्या गोठ्यामागं थरथरत पडलं. तिनं त्याचं डोकं मांडीत दाबून मिठाचं पाणी पाजलं, ओकवलं, आणि उजाडेपर्यंत बोटाबोटानं ताक चाटवलं.

"मानसांना ताक न्हाई घरात," सासू धोंडुबाई बाजेवरून म्हणाली. पण अडवायला उठली नाही. गुडघे गेल्यापासून तिला कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नसे, आणि हात देणारी एकच होती.

धोंडुबाईचा लेक, म्हणजे रंगूबाईचा नवरा, दुष्काळात मुंबईला गिरणीत गेला. काही दिवस मनिऑर्डरी आल्या, मग पत्रं आली, मग नुसते निरोप, आणि मग निरोप आणणारी माणसंही रस्ता बदलून जाऊ लागली. तेव्हा म्हातारीनं जाहीर केलं की तो दारात उभा राहीपर्यंत ह्या घरात त्याचं नाव निघायचं नाही. रंगूबाईला त्यात नवीन काही सोडायचं नव्हतं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे ती लग्नाआधीपासून शिकलेली. पण आईच्या तोंडूनही जेव्हा ते नाव बंद झालं, तेव्हा घरात एक माणूस कमी होतं ते दोन झाल्यासारखं वाटलं.

आता ह्या नावाचा कुत्र्याशी काय संबंध, तर तोच सांगायचा आहे.

केरबाच्या भज्यांचा रंगूबाईनं असा धसका घेतला होता की भिंगऱ्याला तिनं आधी एकच गोष्ट शिकवली: कुणाच्या हातचं खायचं नाही. शेजारच्या शालूबाईला तिनं भाकरीत तिखटाचा गोळा भरून दिला आणि म्हणाली, "घाल त्याला." भिंगऱ्यानं हावरटासारखा घास घेतला, दिवसभर जीभ मातीवर घाशीत फिरला. दुसऱ्या दिवशी आळीतल्या दुसऱ्या बाईच्या हातून तसाच घास. पुढच्या दिवशी तिसऱ्या. कुत्रं हुशार, आठवडाभरात त्याला कळलं की जगातला प्रत्येक हात तिखट आहे. फक्त रंगूबाई भाकरी पुढं ठेवून एक शब्द बोलली की मगच ती गोड असते.

तो शब्द कुणी सहज बोलून जाईल असा असून चालणार नव्हता. "घे", "खा", "यू यू" हे तर केरबाही म्हणणार. रंगूबाईनं विचार केला की ह्या दारात कधीच कानावर पडत नाही असा शब्द कुठला? उत्तर तिच्यापाशीच होतं. दिवेलागणीला चुलीमागच्या कोपऱ्यात वाकून, कुत्र्याच्या कानाशी तोंड नेऊन, तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. कुत्र्याच्या कानात बोललेलं देवाच्या वहीत चढत नसावं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर एकदा घेतल्यावर तिला ते रोज घ्यावंसं वाटू लागलं. कुत्रं भाकरीची वाट बघायचं आणि ती सांजेची.

बाजार जवळ आला तसं तिनं घरं धुंडाळली. परमुलखात सोनं-चांदी आटवणारा विट्याकडचा एक गलाईवाला यात्रेला गावी आला होता, त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. भिंगऱ्यानं त्याच्या नव्या धोतरावर दोन्ही पाय ठेवून स्वागत केलं, आणि तो विषय संपला. कोरेगावच्या एका पाहुण्यानं "इचार करून कळवतो" म्हटलं. ज्याला नको असतं तो विचारच करतो. उरला बिराप्पा धनगर. कोकणातून मेंढरं घेऊन परतताना तो दरसाल सरपंचांच्या रानात कळप बसवी, खतासाठी. ते रान रंगूबाईच्या परसाला लागूनच. त्याचं कुत्रं ह्या खेपेला घाटात वाघरानं नेलं होतं. कळपाआधी तो एकटाच रान बघायला आला, तेव्हा रंगूबाईनं त्याला गाठलं.

"मेंढरात बसाय पायजे, लांडग्यावर भुंकाय पायजे आन् माझ्या हातचं खाय पायजे," बिराप्पा म्हणाला. "पैल्या दोन गोष्टी मी शिकवीन, बाई. तिसरी त्यानं आपसूक केली पायजे. जे हातचं खात न्हाई, ते राती कुणाचं बी असतंय."

रंगूबाईनं मान हलवली. तिसरी गोष्ट तिनं ऐकून न ऐकल्यासारखी केली. तिनं बाकीची तयारी केली. शालूबाईच्या शेळ्यांत ती कंबरेला दोर बांधून बसली, दोराच्या दुसऱ्या टोकाला भिंगऱ्या. तो उसळला की ती ओढली जायची, शेळ्या उधळायच्या, शालूबाई म्हणायची, "कुत्रं तुला शिकवतंय का तू कुत्र्याला?" हाताची सालं गेली. पण शेवटी एका म्हाताऱ्या शेळीनं भिंगऱ्याला शिंगावर घेऊन आपटलं, आणि जे रंगूबाईला जमलं नव्हतं ते झालं. तो शेळ्यांत मान टाकून बसू लागला.

कळप आला. रीतीप्रमाणे कुत्रं दिल्या दिवसापासून जुन्या धन्यानं त्याला घास घालायचा नाही. रंगूबाईनं रीत पाळली. पहिल्या दुपारीच चुकार कोकरू भिंगऱ्यानं वळवून आणलं आणि बिराप्पाची मिशी जरा सैल पडली. त्यानं आपली भाकरी मोडून पुढं केली.

भिंगऱ्यानं भाकरीकडं बघितलं, हाताकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं.

सांजेला तेच. दुसऱ्या दिवशी तेच. लाळेनं छाती भिजली होती, बरगड्या हलत होत्या, आणि कुत्रं उपाशीपोटी मेंढरांभोवती गिरक्या घेत होतं. परसाच्या कुडाआडून रंगूबाई हे बघत होती. तिच्या घशाखालीही त्या दिवशी काही उतरलं नाही.

दिवस मावळताना ती रानात गेली. बिराप्पा एकटाच चुलीपाशी.

"त्याला एक शबुद लागतुया," ती म्हणाली.

"कंचा?"

"आमच्या घरच्यांचं नाव."

बिराप्पा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "काय नाव त्यांचं?"

रंगूबाईनं तोंड उघडलं. कुत्र्याच्या कानात रोज निघणारा शब्द माणसासमोर दातांपर्यंत येऊन अडला. डोळ्यांपुढं गिरणीचं धुराडं आलं, न पाहिलेलं. त्याखाली तो माणूस उभा, आणि ती नाव घेईल त्या क्षणी वरची वीट सुटणार.

"गावात इचारू का कुनाला?" बिराप्पानं वाट सोपी करून दिली.

"नगं," ती घाईनं म्हणाली. "रंगू कुत्र्याला नवऱ्याच्या नावानं जेवाय घालती, ह्ये म्हातारीच्या कानावर गेलं तर ती जगायची न्हाई."

"मग माझा बी इलाज न्हाई, बाई. उपाशी जनावर वाटंत मरंल, आन् पाप माझ्या माथी बसंल. उद्या बाजारादिशी मी हितनं हलनार."

बाजाराच्या सकाळी बिराप्पा घोड्यावर बिऱ्हाड लादत होता. सरपंच आले, मागून कागदाचा पुडा घेऊन केरबा. रंगूबाई पदर घट्ट धरून उभी. परसाच्या पायरीवर तिनंच उचलून आणून बसवलेली धोंडुबाई, उन्हाला पाय शेकत.

"न्हेतोस का, बिराप्पा?" सरपंचांनी विचारलं.

"खात न्हाई, आबा."

"केरबा, घाल."

केरबानं भजं टाकलं. वास सगळ्या रानात पसरला. भिंगऱ्याचे पाय लटपटत होते, पण त्यानं भज्याला नाक लावलं नाही. रंगूबाईनं सुटकेचा श्वास घेतला, तोही पुरता झाला नाही.

"घेत न्हाई ह्ये," केरबा ओशाळून म्हणाला. त्याच्या भज्यांचा असा अपमान पहिल्यांदाच झाला होता.

"न्हाई तर न्हाई," सरपंच म्हणाले. "भाऊसो हवालदाराची बंदूक काय भितीवर शोभंला टांगलीया? जा, बोलवून आन."

केरबा वळला, आणि रंगूबाईच्या पायांत काय आलं तिचं तिला कळलं नाही. ती बिराप्पापाशी गेली. "भाकरी धरा."

बिराप्पानं तुकडा पुढं धरला. रंगूबाई वाकली आणि पुटपुटली. भिंगऱ्याचे कान उभे राहिले. पण त्यानं बघितलं ते तिच्याकडं, हाताकडं नाही. ती पुन्हा पुटपुटली. तो तिच्याकडं सरकू लागला. तशी ती चार पावलं मागं सरली, परसाच्या कुडाला पाठ लागेपर्यंत. ती जवळ असेतो तो घास तिच्याच हातात शोधणार होता, आणि इतक्या लांबून पुटपुटून भागणार नव्हतं.

"सयाजी," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, जेवायला हाक मारतात तसं, शेवट लांबवून, "सयाजीऽ."

भिंगऱ्यानं बिराप्पाच्या हातातली भाकरी घेतली. चावलीही नाही, गिळली.

"उखाना घ्या म्हनलं तर बाया तासभर लाजत्यात," सरपंच म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. केरबा वाकून टाकलेलं भजं उचलू लागला. ते उचलायला इतका वेळ लागत नाही.

रंगूबाईनं मागं वळून पाहिलं नाही. पायरी तिच्या पाठीशी होती आणि पायरीवरून काहीच आवाज येत नव्हता.

"आता तुमी म्हना," ती बिराप्पाला म्हणाली.

"सयाजी." चावडीवर पुकारा करावा तसं बिराप्पा बोलला. कुत्र्यानं तोंड मिटलं.

"आसं न्हवं. शेवट वढा जरा. रागावल्यावानी नगं. उशीर झालाय, पर तुमी वाट बगताय, तसं."

बिराप्पानं पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा सुधारलं. एवढ्या वर्षांत जे तिनं कुणाला म्हटलं नव्हतं, ते कसं म्हणायचं हे ती भर सकाळी, सरपंचांदेखत, एका परक्या माणसाला शिकवत होती. शेवटी भिंगऱ्यानं त्याच्या हाकेवर घास घेतला, मग दुसरा. रंगूबाई त्याला शिवली नाही. शिवली असती तर तो मागं आला असता. कळप हलला, घोडा हलला, कुत्रं कळपाभोवती एक गिरकी घेऊन पुढं गेलं.

तिनं सासूला काखेत हात घालून उठवलं. म्हातारीनं अंग दिलं. दुपारी ताट पुढं ठेवलं ते तसंच सरकवलं. रंगूबाईनं पाय धरले, "आत्ती, चुकलं माजं." धोंडुबाई आढ्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर रंगूबाईला बरं वाटलं असतं. शिव्या कुठंतरी संपतात.

दिवेलागण झाली. चुलीमागचा कोपरा मोकळा होता. सवयीनं मोडलेला भाकरीचा तुकडा हातात घेऊन रंगूबाई तिथं बसली होती. तेवढ्यात पलीकडच्या माळावरून, जिथं कळप उतरला असणार तिथून, वाऱ्यावर हाक आली.

"सयाजीऽऽ."

बाज करकरली. रंगूबाईनं वळून पाहिलं तर धोंडुबाई उभी होती. कुणी हात दिला नव्हता. भिंत धरत, पाय घासत ती दारापर्यंत गेली आणि चौकट दोन्ही हातांनी धरली. कुणाची हाक आहे ते तिला ठाऊक होतं. सकाळी सगळं तिच्या देखतच झालं होतं. तरी ती अंधारातल्या वाटेकडं बघत राहिली.

हाक पुन्हा आली. बिराप्पाला आता चांगली जमत होती. शेवट लांबवलेला, राग नसलेला, वाट बघणारा. रंगूबाई सासूच्या मागं येऊन उभी राहिली. पुढं व्हायचं धाडस झालं नाही.

तिसरी हाक आली. चौथीची वाट बघत दोघी उभ्या राहिल्या. ती आली नाही.

"खाल्लं आसंल," धोंडुबाई म्हणाली, आणि दारातून हलली नाही.