बारीक घोटलेली गोळी

गोळी पोटात गेल्यावर वीसेक मिनिटं काहीच व्हायचं नाही, आणि तीच वीस मिनिटं पेंटरीणबाईला खायला उठायची. मग पेंटरचा उजवा खांदा उडायचा. पाठोपाठ मान, मग दोन्ही हात. बसल्या जागी माणूस असा वळवळायचा की जवळचा कप उचलून ठेवावा लागे. तास-दीड तास हा धिंगाणा, आणि मग एकदम सगळं थंड. पाय जमिनीला खिळल्यासारखे. पुढच्या गोळीला अजून चार तास.

"बघून घे, फुकटात नाच," पेंटर म्हणायचा. तिला काही हसू येत नसे.

चाळीस वर्षं दोघांनी मिळून दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तो अक्षरं काढी, ती रंग घोटून देई. खलात पूड आणि तेल घालून ती इतकं घोटायची की चिमटीत धरलं तरी कण लागू नये. "हिच्या रंगात खडा निघाला तर धंदा बंद करीन," असं तो गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगे. मग कंपवात आला आणि शिडी सुटली. जुन्या औषधाचा असर टिकेना, म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी नवी लांबट गोळी लिहून दिली. पोटात सावकाश विरघळणारी, सहा तास पुरणारी.

तिसऱ्याच दिवशी ती पेंटरच्या घशात अडकली. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. पाठीत धपाटे घालून तिनं गोळी बाहेर काढली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. दुसऱ्या दिवशी तिनं एक कोरा, छोटा खल विकत आणला. गोळी रंगासारखी घोटायची, साखरेच्या पाण्यात कालवायची आणि चमच्यानं भरवायची. ठसका गेला. चार दिवसांत नाच सुरू झाला. रोगच तसा आहे, असं तिनं मनाशी धरलं.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाचाचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन उचललं.

"दुखणं पुढे सरकलंय असं दिसतं, काकू. गोळी दोन तासांतच संपतेय. आता दिवसातून तीनऐवजी पाच वेळा देऊ. आणि हातपाय उडतात त्यासाठी आणखी एक औषध."

पाच वेळा. तीन वेळांनीच माणसाची कंबर निम्मी झाली होती.

"काका, गोळी घेता कशी?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"पाण्याबरोबर," पेंटर म्हणाला.

एरवी त्याला एक शब्द काढायला वेळ लागायचा. हा शब्द टुणकन बाहेर पडला, आणि तो खिडकीकडे बघू लागला. पाटीवर अक्षर चुकलं की तो असाच भलतीकडे बघायचा. तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

"अहो, इकडे बघा. काय लपवताय?"

पेन कागदावर चालत होतं. घोटल्याचं सांगावं, तर या बाई घोटणं बंद करतील आणि गोळी पुन्हा घशात अडकेल. न सांगावं, तर पाच वेळा.

"मी घोटून देते," ती म्हणाली. "अगदी पिठासारखी."

पेन थांबलं. "काकू! ही गोळी फोडायचीसुद्धा नसते. सहा तासांचं औषध एका दमात अंगात जातंय. म्हणून आधी नाच, मग दगड."

पेंटरीणबाईनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. "म्हणजे मीच..."

"डबीवर लिहिलंय," पेंटर हळूच म्हणाला. "फोडू नये, चावू नये. मी मागच्याच आठवड्यात वाचलं."

"आणि मला बोलला नाहीत? जीभ काय भाड्यानं दिली होती?"

"ठसका लागला तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. त्यापेक्षा नाच परवडला."

ती त्याच्यावर ओरडणार होती, पण तिनं त्याची कॉलर खस्सकन ओढून सरळ केली.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला कागद फाडला. "औषध वाढवायचं नाही. दुपारची गोळी आत्ता इथेच, माझ्यासमोर, अख्खी. काका, ताठ बसा. हनुवटी छातीकडे. गिळायला जमलं नाही तर पाण्यात विरघळणारी दुसरी गोळी आहे, तिचं प्रमाण मी ठरवीन. तुम्ही नाही."

पेंटरीणबाईनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. बोटं थरथरत होती, आणि या खेपेला ती तिची होती. त्यानं पाण्याचा घोट घेतला, हनुवटी खाली केली. गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच राहिली. तिनं धपाट्यासाठी हात उचलला.

घाटी खाली आली.

"तोंड उघडा," ती म्हणाली. त्यानं उघडलं.

"जीभ वर करा."

"अगं, गेली."

"वर करा म्हणते ना!"