वड्यांखालचा पत्रा

मी पत्रा बोलतोय. हसू नका. छपराचा नाही आणि कोठीचाही नाही. मी गेम खेळायच्या कंप्युटरचा पत्रा, त्याच्या डाव्या कुशीवर बसणारा, मधोमध बारीक जाळी असलेला. म्हणजे बसायला हवा तिथे. आत्ता मी महागावजवळच्या एका तांड्यात गच्चीवर उताणा पडलोय आणि माझ्या अंगावर मुगाच्या वड्या वाळतायत.

मला इंद्रजीतनं आणलं. यवतमाळच्या दुकानात त्यानं एकेक भाग निवडला, घरी येऊन सतरंजी अंथरली आणि सगळं स्वतः जोडलं. बहीण रंजिता शेजारी बसून स्क्रू हातात देत होती. सगळ्यात शेवटी त्यानं मला उचललं, खाचेत सरकवलं आणि तळहातानं एक थाप मारली. "घे, झाला तयार!" म्हणाला. ती थाप मला अजून आठवते. वस्तूला तिची जागा मिळाली की तिला दुसरं काही नको असतं, खरं सांगतो.

माझं काम साधं होतं. खेळ सुरू झाला की आतलं यंत्र चुलीसारखं तापतं. पुढचे पंखे गार वारा आत ओढतात, मागचा पंखा गरम वारा बाहेर फेकतो. मी जागेवर असलो की वारा सरळ तापलेल्या भागावरून जातो आणि माझी जाळी कचरा अडवते. मी नसलो की वारा भरकटतो. पण हे माणसांना सांगणार कोण? माणसाला गरम झालं की तो सदरा काढतो, आणि त्याला वाटतं, सगळ्यांनीच काढावा.

दर पंधरवड्याला इंद्रजीत ब्रश घेऊन जाळ्या पुसायचा. मग त्याला पुण्याला नोकरी लागली. गेला तो भांडून गेला. वडील रामधन एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण त्या दिवशी बोलून बसले, "शेती कराची नाही त घर तरी कायले पाह्यजे तुले?" इंद्रजीतनं बॅग उचलली. कंप्युटर रंजितासाठी राहिला. त्याला दोन दिवाळ्या झाल्या, पोरगा घरी आलेला नाही.

फोन करतो, नाही असं नाही. पण फोनवर काय?

"जेवला का?"

"जेवलो."

"तब्येत बरी हाये ना?"

"हाये ना, याडी. ठेवतो."

आईला तांड्यातले हे बंजारा लोक याडी म्हणतात. तेवढ्या दोन शब्दांत त्या याडीचं पोट कसं भरणार?

खेळात मात्र तोच पोरगा वेगळा. दर रविवारी दुपारी तो तिकडून आणि रंजिता इकडून एकाच खेळात उतरतात आणि दोन जीपा डोंगरातून पळवतात. हात गुंतले की त्याची जीभ सुटते. मेसचं पाणचट वरण, खोलीतल्या मित्राचं घोरणं, पाय मुरगळला ते, सगळं सांगतो. स्पीकरमधून त्याचा आवाज घरभर होतो. नंदाबाई, म्हणजे त्याची आई, डाळ निवडायच्या निमित्तानं तिथंच येऊन बसते. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण लाल जीप आपल्या लेकाची हे पक्कं ठाऊक. लाल जीप उलटली की "अरे बाप्पा!" म्हणून सूप बाजूला ठेवते. रामधन दाराशी बसतात, पाठ करून. कान मात्र आत.

नंदाबाईच्या पोटात एकच प्रश्न असतो. ती धीर धरते. पोरगा चांगला रंगात आला की माइकजवळ वाकते आणि विचारते, "इंदर, घरी कवा येशीन रे?"

आणि नेमका तेव्हाच कंप्युटर फट्‌कन बंद पडायचा. तासभर खेळून तापलेला असायचा ना! लगेच पुण्याहून फोन. "तापला वाटते डब्बा. रंजूले म्हन, पंखा लाव त्याच्यासमोर. बरं, रविवारी बोलू." प्रश्न तिथंच राहायचा.

तापायचं खरं कारण एवढंच होतं की जाळ्या पुसणारा घरात नव्हता. पण रंजिताला वाटलं, कोंडल्यामुळे तापतो. तिनं मला काढून कपाटामागे ठेवलं आणि उघड्या कुशीसमोर टेबलफॅन लावला. आणि खोली कोणती? कापसाची! आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवतात. ढीग पार छताला टेकलेला. पंखा फिरला की तंतू उडणार आणि थेट यंत्राच्या पोटात जाणार. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

माझी गत झाली असून अडचण, नसून खोळंबा. झाडताना पायात येतो म्हणून नंदाबाईनं मला बाहेर ओढलं, उलटून पाहिलं आणि खूश झाली. "जाळीचं हाये हे त! खालून बी वारा लागते." झालं, मी गच्चीवर. गेम खेळायचा पत्रा मी, आणि वड्या वाळवतोय! पण खाली रविवारचा आवाज सुरू झाला की मी कान द्यायचो. जीव खालीच होता.

एका रविवारी पहिला घाट चढायच्या आतच डब्बा बंद पडला. इंद्रजीतनं व्हिडिओ कॉल केला. "रंजे, मोबाइल आत धर बरं." आत सगळं पांढरं.

"काहून वं, आत कापूस पेरला का तुमी? आन् पत्रा कुठं गेला?"

नंदाबाई जिना चढून धावत आली. वड्या एका जुन्या लुगड्यावर ओतल्या, मला पदरानं पुसलं आणि छातीशी धरून खाली आणलं. रंजितानं ब्रशनं तंतू काढले, सायकलच्या पंपानं कोपरे फुंकले. रामधन उठले आणि एकटेच कापूस गाठोड्यांनी पलीकडच्या खोलीत नेऊ लागले. घामानं अंगरखा भिजला, पण थांबले नाहीत. संध्याकाळी रंजितानं मला खाचेत सरकवलं. थाप नाही मारली. चालतं. मी जागेवर होतो.

पुढचा रविवार म्हणजे सण होता बघा. जीपा पळत होत्या, पोरगा हसत होता, आत वारा सरळ वाहत होता. मी एवढा गार कधीच नव्हतो. नंदाबाई माइकजवळ वाकली.

"इंदर, घरी कवा येशीन रे?"

कंप्युटर बंद पडला नाही.

पडद्यावर लाल जीप रस्त्याच्या कडेला थांबली. स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, शब्द नव्हता. रामधननी पहिल्यांदाच तोंड वळवलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. नंदाबाईनं माझ्यावर हात ठेवला. मी थंडगार.

"लय तापला वाटते गं," ती म्हणाली. "आवाज येऊन नाही राह्यला. कर बंद."

"याडी, कुठं ताप..." रंजितानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

आयुष्यभर मी जागेवर बसायची आस धरली, आणि त्या घडीला मला वाटलं, तापलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रामधन कापूस परत त्याच खोलीत आणू लागले. "तिकडं उंदरं लागले," म्हणाले. नंदाबाईनं मला काढलं. "वड्या राह्यल्या वाळवाच्या."

"डबे भरले ना, याडी! कोन खाईन इतक्या?"

"येईन त खाईन कोनी," नंदाबाई म्हणाली.

तेव्हापासून मी इथं. दर रविवारी खालून हसणं ऐकू येतं, मग तिचा प्रश्न, मग एकदम शांतता. "तापला मेला!" असं कोणीतरी म्हणतं आणि तिघंही सुटल्यासारखी उठतात.

इंद्रजीत, मला उन्हाचं काही नाही. पत्र्याची जात आहे माझी. पण तुझ्या बापाचे ओठ हलले होते, ते तुला दिसलं नाही, मी पाहिलं. तुझी आई वड्या उलटायला येते आणि किती वेळ रस्त्याकडेच बघत राहते. एखाद्या रविवारी, तिनं विचारायच्या आधीच, येतो म्हणून टाक रे. मग तिला कंप्युटर तापवायला नको, आणि मला इथं ठेवायलाही नको. तू ये. जाळी पूस, मला खाचेत सरकव आणि ती थाप मार.