डावं पान

डाव्या तळहातावरचं पाणी आज करंगळीच्या बाजूनं गळत होतं — दोन इष्टलिंगं शेजारी शेजारी ठेवली की तळहात पूर्वीसारखा खोलगट राहत नाही, आणि पंचाहत्तराव्या वर्षी बोटांत तेवढी पकडही उरत नाही. दोन हजार चोवीस साल, फेब्रुवारीतला रविवार. सिद्धम्माबाईंनी दोन्ही लिंगांवर मिळून एकच बेलाचं पान ठेवलं. एक लिंग त्यांचं स्वतःचं, पाळण्यात असताना गळ्यात बांधलेलं. दुसरं मुलाचं, शिवप्रकाशचं. ते खरं म्हणजे मातीत असायचं. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्याच डाव्या हातावर ठेवतात, म्हणजे जन्मभर गळ्यात असलेलं जाताना हातात असतं... पण एकवीस सालच्या एप्रिलात, करोनात, परभणीच्या दवाखान्यातून माणूस मिळाला नाही, एक पिशवी मिळाली. घड्याळ, चष्मा, मोबाईल, आणि दोऱ्यात गुंडाळलेली लिंगाची चांदीची डबी. मठाचे स्वामी म्हणाले होते, आई, एका हातावर दोन नसतात, हे नदीला द्या. देते, म्हणाल्या होत्या. तीन वर्षं होत आली.

“बाई, देवाला आज लय वेळ लावलाव,” स्वयंपाकघरातून दगडाबाई म्हणाली. सेलूच्या या घरात ती गेली अठरा वर्षं सकाळचं काम करते. “ती पोरगी अकराच्या गाडीनं येणार हाय नव्हं? पोहे करू का उपीट?”

“उपीट कर.”

“तेच बरं हाय. मागल्या बारीला पोह्यातले शेंगदाणे येचून ताटाच्या कडंला लावून ठिवले होते तिनं. मी मोजले, बावीस. शिकलेल्या पोरींची तऱ्हाच निराळी.”

साक्षी. शिवप्रकाशची विद्यार्थिनी, आता नांदेडला स्वतः शिकवते. काल फोनवर म्हणाली, आजी, सरांची निळ्या पुठ्ठ्याची वही तुमच्याकडे आहे ना, मला एकदा बघायची आहे. आहे, म्हणाल्या त्या. कुठं जाणार? कपाटातल्या वरच्या फळीवर निळी, आणि तिच्याखाली लाल. लालचं साक्षीनं विचारलं नाही, आणि यांनीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय... ती उघडलेलीच नव्हती.

त्यांनी डबी पुसली. पाणी अजून मनगटावरून खाली येत होतं, आणि पाणी म्हटलं की त्यांना कालवाच दिसतो — पाथरीचा, पंच्याऐंशी सालचा, नवा कोरा, काठावर अजून गवतही न उगवलेला. तेव्हा त्या पाथरीच्या शाळेत गणित शिकवत होत्या. शिवप्रकाश अकराचा, त्याचे वडील जाऊन दोन वर्षं झालेली, आणि रविवारी मायलेक कालव्याच्या काठानं चालत जायचे, कारण घरात बसलं की घर मोठं वाटायचं. कालव्याची दारं उघडा-मिटायला लिंबाजी नावाचा पाटकरी होता. त्या दिवशी त्यानं दार हातभर उचललं आणि काय मनात आलं कोण जाणे, लगेच खाली सोडलं. तेवढ्यात पाण्याचा एक उंचवटा सुटला. फेस नाही, आवाज नाही. पांघरुणाखालून कोणी जनावर चालावं तसा गुळगुळीत, एकटा, पुढं पुढं. आणि हे पोर त्याच्याबरोबर काठानं पळत सुटलं.

“बाई, पोराला आवरा,” लिंबाजी ओरडला होता. “पान्याचं काय, ते जातंय परभणीला. पोरगं कुटं जायचं?”

कुठं जायचं... तासाभरानं तो परत आला, चपला हातात, तोंड लाल. म्हणाला, आई, ते मोडलंच नाही. मी दमलो, ते दमलं नाही.

पुढची पस्तीस वर्षं तो त्याच्याच मागं होता. पदवी, संशोधन, परभणीच्या कॉलेजातली नोकरी, लग्न न करणं — सगळं त्या उंचवट्याच्या मागनं. रविवारी परभणीहून गाडीनं यायचा, जेवायचा आणि सांगत बसायचा. अशा लाटेच्या समीकरणात दोन भांडखोर असतात आई. एक तिला उभी करून फोडायला बघतो, दुसरा पसरवून सपाट करायला. दोघं तोडीस तोड निघाले की लाट टिकते. दोन लाटा समोरासमोर आल्या तरी एकमेकींतून आरपार जातात, आणि पलीकडं निघाल्यावर दोघींचा आकार तोच; फक्त जिथं असायला हव्या होत्या तिथून थोड्या सरकलेल्या. टिकते म्हणजे किती, मी विचारायची. तो म्हणायचा, तेच तर सिद्ध करायचंय, कायम टिकते का. कायम म्हणजे किती, हे मी तेहतीस वर्षांत नववीच्या पोरांना नीट सांगू शकले नव्हते. हा सांगायला निघाला होता.

त्याचं अक्षर म्हणजे मुंग्या. माझं शाळेत फळ्यावरच्या सुविचाराला बोलवायचे असं. म्हणून वही पक्की करायचं काम माझ्याकडं आलं — एकोणीस साली, उन्हाळ्यात, निळी वही. मी रोज तिच्यातली चार पानं कोऱ्या कागदांवर उतरवायची. चिन्हांचा अर्थ अर्धाच कळायचा, पण एखाद्या गाण्याचे बोल कळत नसले तरी चाल हाताला लागते, तसं व्हायचं. दुपारी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की पेनला टोपण लावायचं. निवृत्तीनंतर एवढं सुख दुसऱ्या कशात लागलं नव्हतं. आपला मुलगा काय करतो हे माहीत नसलेल्या कितीतरी आया असतात; मी तर ते स्वतःच्या हातानं लिहीत होते.

साक्षी अकराच्या गाडीनं आली. पाया पडली, दगडाबाईला नाव घेऊन कसं काय विचारलं, उपीट थोडंच द्या म्हणाली आणि हात धुऊन आधी वहीच मागितली.

“एकवीसच्या फेब्रुवारीत सरांच्या लेखावर परीक्षकांचं पत्र आलं होतं आजी. लेख मी टाइप करून पाठवला होता ना, म्हणून माझ्याकडं आलं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी. सरांना पुढं पाठवलं. त्यांनी तासाभरात उत्तर दिलं — सापडलं, मी बघतो, तू बाळाकडं बघ.” तिनं वही मांडीवर घेतली. “मला वाटलं धीर द्यायला लिहिलंय. मग ते सगळं झालं... पण आता वाटतं, खरंच काहीतरी सापडलं होतं.”

“काय लिहिलं होतं परीक्षकांनी?”

“की एक पायरी गाळलीय. लाटेला बारीक धक्का बसला तर ती मोडत नाही, पण तिचा वेग केसभर बदलतो. केसभर वेग आणि भरपूर काळ, म्हणजे ती भलतीकडंच असणार. आपण पहिल्या जागेवर बसून बघत राहिलो तर वाटतं लाट नाहीशी झाली. तिच्याबरोबर चाललं पाहिजे, क्षणाक्षणाला तिची जागा नव्यानं ठरवत. मग दिसतं, तीच आहे. ते चालणंच लेखात नव्हतं. त्याशिवाय पुढचं सगळं कोसळतं.”

बोलता बोलता ती पानं उलटत होती. उजवी पानं शाईची, त्यांच्यासमोरची डावी बहुतेक कोरी, कुठं कुठं शिसपेन्सिलीची आकडेमोड. मध्येच तिचं बोट थांबलं.

“आजी. हे बघा.”

डाव्या पानावर. पेन्सिलीनं, तिरक्या, तीन ओळी.

“इथंच आहे की. सरांनी केलं होतं हे.” साक्षीचा चेहरा एकदम उजळला, आणि मग पडला. “म्हणजे वहीत होतं, आणि एवढं लावून अक्षर काढून फेअर करताना राहून गेलं. सरांसारख्या माणसाकडून सुद्धा...”

सिद्धम्माबाई त्या तीन ओळींकडे बघत राहिल्या. डावं पान कच्च्या कामाचं, उजवं पक्क्याचं — हा नियम कोणाचा? पाथरीच्या शाळेत सव्वीस तुकड्यांना त्यांनी तो पाठ करायला लावला होता. डावीकडचं मी तपासणार नाही, डावीकडचं मी वाचणारही नाही. सहाव्या वर्षी शिवप्रकाशच्या वहीवर पट्टीनं मधली घडी दाबून त्याला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. मग वही समोर आल्यावर त्यांचे डोळे डावीकडे गेलेच नव्हते. त्या उन्हाळ्यात, रोज चार पानं, एवढ्या सुखानं... एकदाही नाही. आणि त्यानंही प्रत तपासली नव्हती. आईची प्रत, ती काय तपासायची.

ती प्रत त्याची नव्हती पोरी, माझी होती. एवढंच म्हणायचं होतं. पण उपिटाची ताटली पुढं सरकवत त्या म्हणाल्या, “गार व्हायलंय, खा.”

साक्षीनं खाल्लं. दगडाबाईनं दारातून ताटली न्याहाळली; कडेला सात-आठ कढीपत्त्याची पानं होती. मोबाईलवर तीन ओळींचे फोटो काढून, वही तुमच्याजवळच राहू द्या म्हणून, साक्षी दुपारच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, “सरांची चूक शोधल्यासारखं वाटतंय मला. बरं नाही वाटत.”

निळी वही पुन्हा फळीवर ठेवून त्यांनी कपाट लावलं.

दगडाबाई भांडी घासून गेली. घर मोठं वाटायला लागलं. सिद्धम्माबाई कपाटासमोर स्टूल ओढून बसल्या... एकवीसची महाशिवरात्र. तो आदल्या संध्याकाळी आला होता. पूजा झाल्यावर पिशवीतून लाल वही काढली. आई, हीही उतरवून देशील? मी म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे रे, एका ओळीच्या दोन दिसायल्यात. तो हसला. म्हणाला, बरं, असू दे कपाटात, घाई नाही. घाई नाही म्हणाला, आणि पाच आठवड्यांत...

तेव्हा मला वाटलं होतं, दुसरं काहीतरी नवीन असेल. म्हणजे फेब्रुवारीत पत्र वाचलं, सापडलं म्हणून लिहिलं, आणि मार्चमध्ये तो माझ्यासमोर बसून पारण्याची पुरणपोळी खात होता. तूप वाढू का विचारलं तर वाढ म्हणाला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. का होतं, आणि मला एकीच्या दोन दिसत असल्यामुळं...

त्यांनी लाल वही उघडली. पहिलं पान उजवं. वर कोपऱ्यात एक आकडा, भोवती गोल. उलटलं. डावं पान. शाईनं भरलेलं, अक्षर नेहमीपेक्षा मोठं, लावून लावून काढलेलं, आणि कोपऱ्यात गोलात दोन. उजवीकडे तीन. डावीकडे चार. पेन्सिल कुठंही नाही. जन्मात ज्यानं वहीला पान क्रमांक घातला नाही, त्यासाठी शाळेत छड्या खाल्ल्या, त्यानं पाच, सहा, सात, आठ... त्या उलटत गेल्या. शेवटच्या पानावर चौसष्ट. निळ्या वहीतलं सगळं पुन्हा, पहिल्यापासून, पेन्सिलीच्या त्या तीन ओळींची आता पुरी चार पानं झालेली — आणि कुणीही उतरवलं तरी एकही पान चुकणार नाही असं.

वर्गात फळ्यापाशी चुकलेल्या पोराला त्या कधी चूक दाखवत नसत. पोर सगळ्यांसमोर कोमेजतं. त्या नुसतं पुढचं गणित असं घालत की ते सोडवताना मागची चूक होऊच नये. पोराला कळायचंही नाही की बाईंनी काही केलं.

माझंच मला घातलंस होय रे.

एवढंच त्या मोठ्यानं म्हणाल्या. रडू आलं नाही, त्याची त्या वाट बघत होत्या तरी. चिडला असतास तर बरं झालं असतं. आई, तुझ्या नियमापायी माझी दोन वर्षं गेली, असं म्हणाला असतास तर मी तुझ्याशी भांडले असते, त्याच रात्री एका डोळ्यानं उतरवायला बसले असते, वही एप्रिलच्या आत गेली असती. तू मला जपलंस. आणि जपलेल्या माणसाला कळत नाही की घाई करायला हवी होती.

संध्याकाळी त्यांनी साक्षीला फोन लावला. म्हणाल्या, “सरांची आणखी एक वही आहे. लाल. चौसष्ट पानं, पूर्ण आहे.”

पलीकडून साक्षी एकदम म्हणाली, “आजी, आत्ता फोटो काढून पाठवता? दगडाबाईंना सांगा, त्यांच्या नातवाला येतं.”

“नाही. मी उतरवून देणार आहे.”

“चौसष्ट पानं आजी?”

“तुला कसं ठाऊक चौसष्ट?”

“तुम्हीच आत्ता म्हणालात.”

म्हणाल्या होत्या का? असतील.

यालाही आता सहा महिने झाले. लिंबाजी पाटकरी मागेच वारला. त्या दारावर आता दुसरा माणूस आहे आणि कालव्याचा काठ बाभळींनी भरलाय, पळता येणार नाही. दगडाबाईचे गुडघे गेले, ती बोरीला लेकीकडे राहायला गेली. तिथून फोन करून उपिटात पाणी किती घालायचं ते सांगते. साक्षी दर रविवारी विचारते, कुठवर आलं. लेख सरांच्या एकट्याच्या नावानं जाणार आहे, असं तिनं ठरवलंय, आणि सुरुवातीला दोन ओळी घालणार आहे की आधीच्या प्रतीत लेखकाच्या नजरचुकीनं एक भाग गळाला होता. लेखकाच्या. मी ऐकून घेतलं.

स्वामींना मी सांगितलं, नदीचं बघू. सकाळी दोन्ही लिंगं घेते. पाणी गळतं, पण आता खाली वाटी धरते.

माझे डोळे आता बरे आहेत, ओळ एकच दिसते. काल एकोणचाळीस झालं. चाळिसाव्यापासून ती चार पानं सुरू होतात, लाटेबरोबर चालायची, आणि मी मुद्दाम सावकाश चाललेय, कारण इथं त्याचं अक्षर फार सुंदर आलंय. चुकू नये म्हणून जिथं त्यानं दोनदा गिरवलंय तिथं कागदाला मागून हात लावला तर लागतं. तीन वर्षं मी एका जागी बसून होते, कालव्याच्या काठाला, तो सुटला तिथंच, आणि मोडला मोडला म्हणत होते. आता हाताला वाटतं की तो पुढं कुठंतरी आहे, तसाच, आणि मला उशीर झालाय.

हे पान झालं की साक्षीला सांगेन, ती प्रत कोणाची होती, असं रोज ठरवते. मग पान उलटते, आणि डावीकडून सुरू करते.